लाळेच्या नमुन्यावरून हाडांचे भवितव्य : एका जनुकीय अहवालाचे परीक्षण

रजोनिवृत्तीनंतर हाडे ठिसूळ होण्याचा धोका आपल्या जनुकांत कितपत लिहिलेला आहे, हे लाळेच्या नमुन्यावरून सांगण्याचा दावा करणाऱ्या चाचण्या आता घरबसल्या मागवता येतात. त्यांपैकी ‘इस्ट्रोजेन आणि हाडे’ या विषयाला वाहिलेला एक संच मी मागवला, चाचणी करून घेतली आणि हाती आलेला अहवाल ओळीओळीने वाचून काढला. कंपनीचे नाव येथे मुद्दाम लिहीत नाही, कारण माझे आक्षेप एका कंपनीपुरते नसून अहवाल लिहिण्याच्या एका पद्धतीवर आहेत, आणि वाचणारीने आपल्या हातातला अहवाल शेजारी ठेवून हे परीक्षण ताडून पाहावे अशी माझी इच्छा आहे. माझी पाळी थांबून काही वर्षे झाली आहेत, माझ्या आईचे खुब्याचे हाड उतारवयात मोडले होते, आणि त्यामुळे हे माझ्याही वाट्याला येणार का, हा प्रश्न माझ्यासाठी केवळ कुतूहलाचा नव्हता.

संचाबद्दल फार सांगण्यासारखे नाही. नळीवर आखलेल्या रेषेपर्यंत लाळ गोळा करायची, झाकण घट्ट फिरवले की त्यातले संरक्षक द्रावण आपोआप खाली उतरते, आणि नळी पाकिटात घालून परत पाठवायची. सूचना स्पष्ट आहेत, अहवाल सांगितलेल्या मुदतीत आला, आणि सोबतच्या प्रश्नावलीत पाळी कोणत्या वर्षी थांबली, आईवडिलांपैकी कोणाचे खुब्याचे हाड मोडले होते का, स्वतःचे हाड कधी किरकोळ पडण्याने मोडले आहे का, असे अगदी नेमके प्रश्न विचारलेले आहेत. ही प्रश्नावली ज्याने तयार केली त्याला विषय चांगला ठाऊक आहे, हे मी सुरुवातीलाच मोकळेपणाने नोंदवते, कारण पुढे याच प्रश्नावलीचे काय झाले ते सांगायचे आहे.

अहवालाचा उत्तम भाग म्हणजे त्यातील शरीरशास्त्राचे विवेचन. पाळी चालू असते तोपर्यंत इस्ट्राडिओल हे इस्ट्रोजेन गटातले संप्रेरक मुख्यतः बीजांडकोशात तयार होते, आणि पाळी थांबल्यावर हा पुरवठा आटतो. पण म्हणून शरीरातले इस्ट्रोजेन शून्यावर येत नाही. मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी अँड्रोजेन, म्हणजे पुरुषी गटातली संप्रेरके बनवत राहतात आणि मेद, स्नायू, त्वचा व खुद्द हाडे यांतल्या पेशी अरोमाटेज नावाच्या विकराच्या, म्हणजे एन्झाइमच्या साहाय्याने त्यांचे इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर करतात. अँड्रोस्टेनेडिओनपासून इस्ट्रोन आणि टेस्टोस्टेरॉनपासून इस्ट्राडिओल होते ते याच विकरामुळे. हे विकर तयार करण्याची माहिती पंधराव्या गुणसूत्रावरील ‘सीवायपी१९ए१’ या जनुकात असते, आणि हे एकच जनुक वेगवेगळ्या ऊतींत वेगवेगळ्या नियंत्रक भागांवरून चालू होत असल्याने बीजांडकोशाचे काम थांबले तरी मेदपेशींचे थांबत नाही. रजोनिवृत्तीनंतरच्या इस्ट्रोजेनचा विचार करताना या जनुकाकडे लक्ष जाणे म्हणूनच अगदी स्वाभाविक आहे.

हाडांच्या बाजूचे वर्णनही तितकेच नेटके आहे. हाड आयुष्यभर झिजवले आणि नव्याने भरले जाते. झिजवणाऱ्या पेशींना जागे करणारा ‘रँकल’ नावाचा संदेशक रेणू इस्ट्रोजेनमुळे आवरलेला राहतो, आणि त्या रेणूला निष्प्रभ करणाऱ्या ऑस्टिओप्रोटेजेरिनला इस्ट्रोजेनमुळेच बळ मिळते. इस्ट्रोजेन घटले की झिजवण्याचा वेग भरण्याच्या वेगाला मागे टाकतो, आणि शेवटच्या पाळीच्या सुमारे एक वर्ष आधीपासून ती थांबल्यावर दोन वर्षांपर्यंतचा काळ हाडांच्या घनतेच्या दृष्टीने सर्वांत घसरणीचा असतो. पाळी जाण्याच्या सुमारास अंगावर काढल्या जाणाऱ्या तक्रारींत हाडांची ही घसरण मोजली जात नाही, कारण ती दुखत नाही. अहवालाने ती पहिल्याच पानांवर आणली, याबद्दल त्याला पूर्ण गुण द्यायला हवेत.

इस्ट्रोजेन आणि हाड यांचे नाते पक्के करणारे दाखलेही त्यात अचूक दिले आहेत. १९९४ मध्ये एका २८ वर्षांच्या पुरुषाचे निदान प्रसिद्ध झाले. इस्ट्रोजेनचा संदेश स्वीकारणारा ग्राही ज्यापासून बनतो ते ‘ईएसआर१’ जनुक त्याच्यात जन्मतःच निकामी होते. त्याची उंची २०४ सेंटिमीटर होती, हाडांच्या टोकांच्या वाढीच्या चकत्या त्या वयातही मिटलेल्या नव्हत्या, आणि टेस्टोस्टेरॉनची काहीही कमतरता नसताना त्याची हाडे ठिसूळ होती. पुढच्या काही वर्षांत अरोमाटेजच मुळात न बनणारे पुरुष आढळले. त्यांचीही हाडे तशीच होती, पण त्यांना बाहेरून इस्ट्रोजेन दिल्यावर घनता वाढली. ग्राही नसलेल्याला इस्ट्रोजेन देऊन उपयोग झाला नव्हता, विकर नसलेल्यांना झाला. स्त्रियांचे म्हणून ओळखले जाणारे संप्रेरक पुरुषाच्या हाडालाही लागते, हे या मोजक्या रुग्णांनी वैद्यकशास्त्राला शिकवले. त्यात भर म्हणून १९९८ च्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासाचा उल्लेख आहे : ६५ वर्षांवरील ज्या स्त्रियांच्या रक्तातील इस्ट्राडिओल मिलिलिटरमागे ५ पिकोग्रॅमच्याही खाली, म्हणजे मोजता न येण्याइतके कमी होते, त्यांच्यात पुढे खुब्याचे आणि मणक्याचे हाड मोडण्याचे प्रमाण इतरांच्या अडीच पट होते.

इथपर्यंत वाचताना माझा विश्वास वाढत गेला, आणि नेमक्या याच टप्प्यावर अहवाल घसरतो. एखादे जनुक पूर्ण बंद पडले तर हाडे ठिसूळ होतात, या सिद्ध झालेल्या गोष्टीवरून त्या जनुकातले सर्वसामान्य, कोट्यवधी लोकांत आढळणारे डीएनएच्या एका अक्षराचे फरकही हाडांचे भवितव्य ठरवतात, असे मानून पुढची सगळी पाने लिहिली आहेत. या दोन गोष्टींत फार मोठे अंतर आहे, आणि ते अंतर किती आहे हे वाचणारीला सांगणे हेच खरे तर अशा अहवालाचे मुख्य काम असायला हवे होते.

‘सीवायपी१९ए१’चे पान मी येथे जरा जवळून दाखवते. वरच्या बाजूला नारिंगी पट्टा आहे, त्यावर ठळक अक्षरांत ‘इस्ट्रोजेन निर्मिती : कमी’ असा निष्कर्ष छापला आहे, आणि खालच्या परिच्छेदात या जनुकाच्या चौथ्या इंट्रॉनमध्ये, म्हणजे प्रथिनाची माहिती नसलेल्या मधल्या भागात, चार अक्षरांचा एक तुकडा पुन्हापुन्हा येतो, त्याच्या आवृत्त्या कमी असलेल्या स्त्रियांत हाडांची घनता कमी आढळली आहे, असे म्हटले आहे. असे अभ्यास झाले आहेत हे खरे. या आवृत्त्यांची संख्या साधारण सातपासून तेरापर्यंत असते, आणि त्यांचा घनतेशी संबंध जोडणारे काही निष्कर्ष निघाले, पण सगळीकडे सारखे निघाले नाहीत. मी कंपनीकडून मूळ माहितीची फाईल मागवून घेतली तेव्हा दिसले की माझ्या नमुन्यात या आवृत्त्या मोजलेल्याच नाहीत. अशा चाचण्यांत वापरली जाणारी चिप एकेका अक्षराचा फरक वाचते. पुन्हापुन्हा येणाऱ्या तुकड्यांची लांबी मोजण्यासाठी ती बनवलेलीच नसते. फाईलमध्ये या जनुकातील ‘आरएस१००४६’ हे स्थान आणि आणखी थोडी स्थाने होती, आणि त्यांवरून आवृत्त्यांबद्दलचा निष्कर्ष अंदाजाने काढलेला होता. जे मोजले नाही त्याविषयीचे संशोधन उद्धृत करायचे आणि जे मोजले त्यावर निकाल द्यायचा, हे मला अजिबात पटलेले नाही. निदान तसे एका ओळीत लिहायला तरी हवे होते.

मोजलेल्या अक्षरांचा परिणाम किती, हा पुढचा प्रश्न. या जनुकातील काही सामान्य फरकांमुळे रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांच्या रक्तातील इस्ट्रोजेनच्या पातळीत साधारण १० ते २० टक्क्यांचा फरक पडतो, हे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या एकत्रित अभ्यासातून दिसले आहे. जीवशास्त्राच्या दृष्टीने हा निष्कर्ष मोलाचा आहे, कारण जनुक आणि संप्रेरक यांचा संबंध त्यातून खात्रीने प्रस्थापित होतो. पण एका स्त्रीच्या दृष्टीने पाहिले तर अरोमाटेजचा मोठा साठा मेदपेशींत असल्यामुळे पाळी थांबल्यानंतर वजनातील फरकाचा तिच्या इस्ट्रोजेनवर होणारा परिणाम याहून कितीतरी अधिक असू शकतो. फार सडपातळ बांध्याच्या स्त्रियांत हाडे ठिसूळ होण्याचा धोका जास्त असण्याचे एक कारण हेच आहे. माझे वजन प्रश्नावलीत विचारले होते, मी ते लिहिलेही होते, तरी त्या नारिंगी पट्ट्याच्या हिशेबात ते कुठेच नव्हते. ज्या संप्रेरकाची निर्मिती ‘कमी’ ठरवली ते संप्रेरकही कोणी मोजलेले नव्हते. रजोनिवृत्तीनंतरच्या अत्यल्प पातळ्या नेहमीच्या रक्तचाचणीत नीट पकडल्या जात नाहीत, त्यासाठी मास स्पेक्ट्रोमेट्रीसारखी संवेदनशील पद्धत लागते, हे मान्य. मग ‘निर्मिती कमी’ऐवजी ‘निर्मिती किंचित कमी असण्याकडे कल’ असे लिहिता आले असते.

‘ईएसआर१’च्या पानाची कथा थोडी वेगळी आहे. या जनुकातील ‘एक्सबीए’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या फरकाचा अभ्यास युरोपातील आठ केंद्रांनी मिळून सुमारे १९,००० लोकांवर केला आणि तो २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आढळले ते असे की विशिष्ट रूपाच्या दोन्ही प्रती असलेल्या स्त्रियांत हाडे मोडण्याचे प्रमाण कमी होते, पण त्यांच्या हाडांच्या घनतेत मात्र फरक नव्हता. म्हणजे परिणाम असला तर तो हाडाच्या गुणवत्तेवर किंवा अन्य कशावर तरी असावा. माझ्या अहवालाने याच फरकावरून ‘हाडांची घनता : सरासरी’ असा शेरा दिला आहे, जो त्या निष्कर्षाच्या नेमका उलट दिशेने वाचलेला आहे. पुढे मोठ्या सर्वेक्षणांत ‘ईएसआर१’च्या परिसरातील इतर काही स्थानांचा घनतेशी पक्का संबंध सापडला, पण ती स्थाने या चाचणीत घेतलेली नाहीत.

माझा सर्वांत गंभीर आक्षेप ड-जीवनसत्त्वाच्या ग्राहीच्या, म्हणजे ‘व्हीडीआर’ जनुकाच्या पानावर आहे. १९९४ मध्ये एका नामवंत विज्ञानपत्रिकेत असा निबंध आला होता की हाडांच्या घनतेतील जनुकीय फरकांपैकी बहुतांश भाग या एकाच जनुकाने समजावून सांगता येतो. त्या बातमीने सगळीकडे मोठी आशा निर्माण केली. त्याच संशोधकांनी १९९७ मध्ये जुळ्यांच्या काही नमुन्यांच्या तपासणीत चूक झाल्याचे जाहीर करून दुरुस्ती छापली, आणि २००६ मध्ये २६,००० हून अधिक लोकांच्या एकत्रित अभ्यासात या जनुकातील नेहमीच्या चार फरकांचा ना घनतेशी, ना हाडे मोडण्याशी संबंध दिसला. एका पाचव्या फरकाचा मणक्याच्या अस्थिभंगाशी थोडासा संबंध दिसला, तेवढाच. विज्ञानाने आपले म्हणणे इतक्या स्पष्टपणे सुधारून घेतल्यानंतरही माझ्या अहवालात त्या चारांपैकी दोन फरकांवरून लाल पट्टा छापला आहे, आणि लाल पट्ट्याच्या खाली त्याच कंपनीची ड-जीवनसत्त्वाची गोळी घेण्याची शिफारस आहे. ड-जीवनसत्त्वाची कमतरता असेल तर ती भरून काढलीच पाहिजे, त्याबद्दल दुमत नाही. पण ती कमतरता रक्त तपासून कळते, ‘व्हीडीआर’च्या या अक्षरांवरून नव्हे. चाचणी आणि औषध एकाच दुकानातून येते तेव्हा वाचणारीने अधिक सावध व्हावे, असे मी कळकळीने सांगते.

याचा अर्थ हाडांच्या बाबतीत जनुकांना महत्त्व नाही, असा कोणी घेऊ नये. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून हाडांच्या घनतेतील माणसामाणसांतल्या फरकांपैकी ५० ते ८५ टक्के फरक आनुवंशिक कारणांमुळे असतो असे दिसते, आणि हे प्रमाण मोठेच म्हणायला हवे. पण तो वाटा एखाद-दुसऱ्या जनुकात साठलेला नाही. २०१२ मध्ये जगभरातील माहिती एकत्र करून घनतेशी निगडित ५६ स्थाने सापडली. २०१९ मध्ये ब्रिटनमधील सव्वाचार लाखांहून अधिक लोकांच्या टाचेच्या हाडाच्या मोजणीवरून ५१८ स्थाने हाती आली, आणि ती सगळी मिळूनही घनतेतील फरकाचा सुमारे पाचवा भाग स्पष्ट करतात. एकेका स्थानाचा वाटा किती सूक्ष्म असतो, हे यावरून लक्षात येईल. डझनभर अक्षरे वाचून या अहवालाप्रमाणे एकूण धोक्याचे रंगीत चक्र रंगवणे हे पुस्तकातली बारा अक्षरे पाहून कथा सांगण्यासारखे आहे. शेकडो-हजारो स्थानांचा एकत्रित गुणांक काढण्याचे गंभीर काम संशोधनात चालू आहे आणि त्याचा पुढेमागे उपयोग होईल असे मला वाटते. मात्र त्यासाठीची बहुतेक माहिती युरोपीय वंशाच्या लोकांची आहे, आणि तो गुणांक इतर वंशांच्या स्त्रियांना तसाच्या तसा लावता येत नाही.

‘तुमच्या हाडांचे ८० टक्के भवितव्य जनुकांत आहे’ हे अहवालातले वाक्यही याच कारणाने दिशाभूल करणारे आहे. आनुवंशिकतेचा आकडा समूहातल्या फरकांविषयी असतो, एका व्यक्तीच्या नशिबाविषयी नसतो. शिवाय तो घनतेचा आकडा आहे, हाड मोडण्याचा नव्हे. स्वीडनमधील जुळ्यांच्या अभ्यासात सत्तरीच्या आत मोडलेल्या खुब्यांमागे आनुवंशिकतेचा वाटा मोठा होता, तर ऐंशीच्या पुढे तो जवळपास उरला नव्हता, कारण त्या वयात तोल जाणे, दृष्टी मंदावणे, झोपेच्या गोळ्या आणि स्नायूंची दुर्बलता यांचे पारडे जड होते. माझी आई पडली तेव्हा ऐंशीच्या पुढे होती, आणि हा फरक समजल्यावर माझ्या स्वतःच्या प्रश्नाचे स्वरूपच बदलले.

जे अहवालात नाही त्याकडे वळते, कारण माझ्या मते खरी उणीव तिथे आहे. रजोनिवृत्तीनंतरच्या हाडांसाठी इस्ट्रोजेनची निर्मिती दहा-वीस टक्क्यांनी कमीजास्त असण्यापेक्षा ती कोणत्या वयात थांबली हे अधिक महत्त्वाचे ठरते, आणि ते वय स्वतःच बऱ्याच अंशी, साधारण निम्म्याच्या आसपास, आनुवंशिक असते. २०२१ मध्ये सुमारे दोन लाख स्त्रियांच्या अभ्यासातून या वयाशी निगडित २९० स्थाने सापडली, आणि त्यांपैकी बरीच जनुके पेशीतील डीएनएची मोडतोड दुरुस्त करणारी निघाली. बीजांडांचा साठा किती वर्षे टिकतो हे या दुरुस्तीच्या क्षमतेवर अवलंबून असते असा त्याचा अर्थ. चाळिशीच्या आत पाळी थांबलेल्या स्त्रियांत ‘एफएमआर१’ या एक्स गुणसूत्रावरील जनुकाचाही विचार करावा लागतो. त्यातील तीन अक्षरांच्या तुकड्याच्या ५५ ते २०० आवृत्त्या असतील तर सुमारे पाचांपैकी एकीला बीजांडकोशाचे काम लवकर मंदावण्याचा त्रास होतो, आणि पुढच्या पिढीतील मुलांच्या बौद्धिक वाढीशी त्याचा संबंध असल्याने हे कळणे घरातल्या इतर स्त्रियांसाठीही आवश्यक असते. ही माहिती खऱ्या अर्थाने ‘इस्ट्रोजेनच्या निर्मितीवरील जनुकीय प्रभाव’ या शीर्षकात बसते, आणि या अहवालात तिचा एक शब्दही नाही. प्रश्नावलीत पाळी थांबल्याचे वर्ष विचारले होते ते केवळ विचारण्यापुरतेच. अंतिम गणितात ते धरलेले नाही, हे मी कंपनीच्या समुपदेशक बाईंना फोनवर विचारून खात्री करून घेतली.

त्या समुपदेशक बाईंबद्दल मात्र चांगलेच लिहायचे आहे. त्यांनी माझे प्रश्न शांतपणे ऐकून घेतले, जे अहवालात धरलेले नाही ते धरलेले नाही असे स्पष्ट सांगितले, आणि संप्रेरक उपचारांबद्दल विचारल्यावर ‘याचा निर्णय या अहवालावरून घेऊ नका, तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोला’ असे निःसंदिग्ध उत्तर दिले. ते उत्तर योग्यच होते. इस्ट्रोजेन उपचारांमुळे खुब्याचे हाड मोडण्याचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने घटते, हे २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अमेरिकी चाचणीत दिसले होते. त्याच चाचणीत प्रोजेस्टिन या प्रोजेस्टेरॉनसारख्या संप्रेरकासह दिलेल्या उपचारांत स्तनाचा कर्करोग आणि रक्ताच्या गुठळ्या यांचे प्रमाण वाढलेलेही दिसले. हा निर्णय वय, पाळी थांबून झालेली वर्षे आणि पूर्वीचे आजार पाहून घ्यायचा असतो. अहवालात मात्र ‘इस्ट्रोजेनची पातळी वाढवणारा आहार घ्या’ असा सल्ला सरसकट छापलेला आहे, आणि प्रश्नावलीत स्तनाच्या कर्करोगाबद्दल एकही प्रश्न नाही. स्तनाच्या कर्करोगावर लेट्रोझोल किंवा अनास्ट्रोझोल घेणाऱ्या स्त्रियांमध्ये अरोमाटेज औषधानेच बंद पाडलेले असते, त्यांची हाडे त्यामुळे वेगाने झिजतात, आणि त्यांच्या उपचाराचा हेतूच इस्ट्रोजेन खाली ठेवणे हा असतो. अशी एखादी स्त्री हा सल्ला वाचून काय करील, याचा विचार कोणीतरी करायला हवा होता.

हिरवा पट्टा लाल पट्ट्यापेक्षा अधिक घातक ठरू शकतो, हे मला माझ्या मावसबहिणीच्या अहवालावरून कळले. तिने माझ्याबरोबरच हीच चाचणी करून घेतली आणि तिच्या धोक्याचे चक्र ‘कमी’ या हिरव्या भागात थांबले. तिला अनेक वर्षांपासून आमवाताचा, म्हणजे रूमेटॉइड आर्थरायटिसचा विकार आहे, आणि प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडच्या गोळ्या तिने दीर्घकाळ घेतल्या आहेत. हे दोन्ही घटक स्वतंत्रपणे हाडे मोडण्याचा धोका वाढवतात, आणि स्टिरॉइडमुळे होणारी हाडांची झीज तर औषध सुरू केल्यावर पहिल्या काही महिन्यांतच सुरू होते. चक्र हिरवे पाहून तिने डॉक्टरांनी लिहून दिलेला, हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन लांबणीवर टाकला होता. मी आग्रह करून तो करवून घेतला तेव्हा मणक्याचा टी-स्कोअर, म्हणजे निरोगी तरुण स्त्रीच्या सरासरी घनतेशी तुलना करणारा आकडा, उणे अडीचच्या खाली, म्हणजे ऑस्टिओपोरोसिसच्या मर्यादेत निघाला. तिच्या आणि माझ्या अहवालातील शेवटची पाने मग मी समोरासमोर ठेवून पाहिली. तिचा धोका कमी, माझा ‘मध्यम ते जास्त’, पण आहार, व्यायाम, ऊन आणि कॅल्शियम यांबद्दलचा सल्ला शब्दशः तोच होता.

ज्यांच्याशी तुलना व्हायला हवी त्या दोन गोष्टी साध्या आहेत. डेक्सा स्कॅन काही मिनिटांत होतो, त्यातील क्षकिरणांची मात्रा अत्यल्प असते, आणि तो कल किंवा शक्यता न सांगता मांडीच्या हाडाच्या मानेत व मणक्यांत आज खनिज किती आहे ते थेट मोजतो. जनुकांनी, वजनाने, आहाराने आणि औषधांनी मिळून जे काही घडवले ते सगळे त्या आकड्यात आलेले असते. शेफिल्ड विद्यापीठात तयार झालेली आणि २००८ पासून वापरात असलेली ‘फ्रॅक्स’ ही गणनपद्धत वय, वजन, उंची, पूर्वीचा अस्थिभंग, धूम्रपान, मद्यपान, स्टिरॉइड, आमवात आणि आईवडिलांपैकी कोणाचा खुबा मोडला होता का, एवढ्या माहितीवरून पुढच्या १० वर्षांत हाड मोडण्याची शक्यता सांगते, आणि घनतेचा आकडा असल्यास तोही त्यात धरता येतो. आईवडिलांच्या खुब्याचा तो एक प्रश्न म्हणजे शेकडो ज्ञात-अज्ञात जनुकांची एकत्र घेतलेली दखल आहे, शिवाय घरातल्या सवयींचीही. माझा टी-स्कोअर उणे एक आणि उणे अडीच यांच्या दरम्यान आला, म्हणजे घनता कमी आहे पण ऑस्टिओपोरोसिस नाही, आणि माझ्या डॉक्टरांनी पुढचा सल्ला त्यावरून व फ्रॅक्सवरून दिला. जनुकीय अहवाल त्यांनी चाळला आणि कौटुंबिक इतिहासाचे पान तेवढे नोंदीसाठी ठेवून घेतले.

गोपनीयतेबद्दल थोडक्यात सांगायचे तर नोंदणीच्या वेळी ‘माझी माहिती संशोधनासाठी वापरण्यास संमती आहे’ या ओळीपुढे आधीपासूनच खूण केलेली होती. ती काढता येते, पण ती शोधावी लागते. जनुकीय माहिती एकट्या आपली नसते, आपल्या मुलींची आणि बहिणींचीही असते, म्हणून ही खूण ग्राहकाने स्वतः करेपर्यंत रिकामीच असायला हवी.

पाळी पन्नाशीच्या आसपास थांबली आहे आणि हाडांची काळजी वाटते, अशा बहुतेक स्त्रियांना मी ही चाचणी घ्या असे सांगणार नाही. ६५ वर्षे झाली असतील, किंवा त्याआधीच पाळी लवकर थांबणे, स्टिरॉइड, कमी वजन, आईवडिलांचा खुबा, किरकोळ पडण्याने मोडलेले मनगट यांपैकी काही असेल, तर त्यांनी डेक्सा स्कॅनसाठी डॉक्टरांकडे जावे. ज्यांची पाळी चाळिशीच्या आत थांबली, किंवा ज्यांच्या घरात तरुण वयातच हाडे वारंवार मोडतात, त्यांना जनुकीय तपासणीचा खरा उपयोग होऊ शकतो. पण ती तपासणी वैद्यकीय जनुकतज्ज्ञांच्या सल्ल्याने, ‘एफएमआर१’ किंवा हाडांच्या मजबुतीशी निगडित ‘एलआरपी५’, ‘सीओएल१ए१’ अशा जनुकांचे नेमके वाचन करणारी असावी लागते, आणि या संचातून ती होत नाही. ज्यांनी संच आधीच मागवला आहे त्यांनी प्रश्नावली मनापासून भरावी, तिची एक प्रत स्वतःकडे ठेवावी आणि डॉक्टरांकडे जाताना रंगीत चक्राऐवजी ती प्रत सोबत न्यावी. कंपनीला मी लेखी कळवले आहे की ‘व्हीडीआर’चे पान काढून टाकावे, अरोमाटेजच्या पानावर १० ते २० टक्क्यांचा आकडा छापावा, आणि स्टिरॉइड, आमवात, पाळी थांबल्याचे वय व स्तनाचा कर्करोग यांची नोंद घेतल्याशिवाय कोणत्याही स्त्रीच्या अहवालावर ‘धोका कमी’ असे लिहू नये.